दोन बोटं सैल

शिंप्याकडे माप द्यायला उभं राहिलं की तो अंगावरच्या शर्टावरूनच छातीभोवती टेप फिरवतो, टेपच्या आत आपली दोन बोटं सरकवतो आणि मग आकडा सांगतो. वहीत उतरलेल्या त्या एका आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: तुमचं अंग, अंगावरचा शर्ट आणि श्वास घेण्यापुरती मोकळी जागा. पुढे कापड बेतताना शिवणीच्या आत तो थोडं जास्तीचं कापड ठेवतो. त्याला आपण माया म्हणतो. उद्या अंग भरलं, तर शिवण उसवून ती माया सोडता येते.

आता गिऱ्हाईक सैनिक आहे असं समजा, आणि त्याच्यासाठी बेतायची वस्तू पोलादाची आहे. रणगाड्याच्या माथ्यावरची झडप, चिलखती गाडीतलं आसन, हेलिकॉप्टरचं दार, लढाऊ विमानाचं कॉकपिट. पोलादाची शिवण उसवत नाही. शिवाय हे गिऱ्हाईक नुसत्या अंगानं कधीच येत नाही. पायात जाड तळव्याचे बूट, डोक्यावर हेल्मेट, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट, जॅकेटमध्ये कडक प्लेटा, छातीवर मॅगझिनचे खिसे, पाठीवर पाण्याची पिशवी. मग त्याचं माप किती धरायचं? प्रश्न पहिलीतल्या बेरजेसारखा वाटतो: अंग अधिक सामान. ही बेरीज चुकते हे मला कळलं, त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी उघड्या अंगाचं बघू. महाराष्ट्रात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला हे आकडे पाठ असतात: उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९, फुगवून ८४. माप देताना बूट काढायचे, शर्ट काढायचा. तिथे परीक्षा अंगाची असते, कपड्यांनी त्यात लुडबुड करायची नाही. जगभरातल्या सैन्यांची मोठी मोजमापंही अशीच होतात. अमेरिकेच्या भूदलानं २०१० ते २०१२ या काळात ४,०८२ पुरुष आणि १,९८६ स्त्रिया मोजल्या, आणि प्रत्येकाची ९३ मापं टेप, कॅलिपर वगैरे साधनांनी घेतली. अंगावर बेताचे तोकडे कपडे. माप घेण्याआधी हाडांच्या खुणा बोटांनी चाचपून त्वचेवर पेननं ठिपके काढायचे: खांद्याच्या हाडाचं टोक, मानेचा वर आलेला मणका, गुडघ्याची वाटी, घोटा. टेप कुठून धरायची आणि कुठे संपवायची, हे त्या ठिपक्यांवरून ठरतं. पुरुषांची सरासरी उंची भरली १७५.६ सेंटिमीटर आणि वजन ८५.५ किलो. त्याआधीची मोठी मोजणी १९८८ची. तेव्हाही उंची तीच होती, वजन मात्र ७८.५ किलो. एका पिढीत माणूस उंच झाला नाही, सात किलोंनी भरला. त्या जुन्या मापांच्या काळात बेतलेल्या कितीतरी गाड्या मात्र अजून वापरात होत्या.

उघडं अंगसुद्धा दिवसभर एका मापाचं राहत नाही. मणक्यांच्या मधल्या गाद्या उभं राहून, चालून दबत जातात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात, त्यामुळे सकाळी उठलेला माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. पाठीवर ओझं घेऊन चालला तर आणखी दबतो. म्हणजे सामान वरून भर घालतंच, आणि आतल्या माणसाला थोडं आखूडही करतं.

मापाचं आणि वर्दीचं नातं किती जुनं आहे याचा एक दाखला मला फार आवडतो. संख्याशास्त्रातला तो घंटेच्या आकाराचा वक्र माणसाच्या शरीरालाही लागू पडतो, हे बेल्जियमच्या क्वेतले यांनी १८४६ साली दाखवलं ते ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांवरून. मध्याशी, चाळीस इंचांच्या आसपास, सगळ्यात जास्त माणसं आणि दोन्ही बाजूंना उतरती गर्दी. ही मापं मुळात कुणा शास्त्रज्ञानं घेतलेली नव्हती. पलटणींना कपडे पुरवणाऱ्या एका कंत्राटदारानं ती जमवली होती आणि १८१७ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली होती. मानवशास्त्रातला एवढा मोठा विचार कपड्यांच्या मापवहीतून उभा राहिला.

आता जॅकेट चढवू. समजा ते सगळीकडून सारखं, एक सेंटिमीटर जाडीचं आहे. छातीपासून पाठीपर्यंतची जाडी वाढेल दोन सेंटिमीटरनी, एक पुढून, एक मागून. या बगलेपासून त्या बगलेपर्यंतची रुंदीही दोननंच वाढेल. पण छातीचा घेर? तो वाढतो जवळजवळ ६.३ सेंटिमीटरनी. वर्तुळाची त्रिज्या एकनं वाढली की परिघ दोन पायनं, म्हणजे ६.२८नं वाढतो, आणि मूळ वर्तुळ केवढं होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. ७९ सेंटिमीटर छातीचा सडसडीत पोरगा असो की १२० सेंटिमीटरचा पहिलवान, दोघांच्या घेरात भर तेवढीच. छाती काही वर्तुळाकार नसते, ती रुंद आणि चपटी असते. तरीही हा हिशोब टिकतो. बाहेरच्या रेषेला कुठे खळगा नसला की झालं, आकार कुठलाही असो, भर तीच. पृथ्वीच्या पोटाभोवती आवळून बांधलेली दोरी सगळीकडून एक मीटर वर उचलायची तर किती दोरी जास्त लागेल, हे शाळेतलं कोडं अनेकांना आठवत असेल. उत्तर येतं फक्त सहा मीटर आणि वर थोडी. तेच गणित इथे सैनिकाच्या छातीवर येऊन बसलं आहे.

तेव्हा एकच जॅकेट एका मापात दोनची भर घालतं, दुसऱ्यात सहाची, आणि उंचीत काहीच नाही. उंचीत भर घालतात बुटाचा तळवा आणि हेल्मेट. बसल्यावर मात्र बूट हिशोबातून निघून जातात, कारण बसलेल्या माणसाची उंची आसनापासून मोजतात. गुडघ्याच्या उंचीत ते पुन्हा हजर. म्हणून ‘सामानाचे अमुक सेंटिमीटर’ असा एक आकडा कुठे लिहून ठेवता येत नाही. प्रत्येक मापाला, प्रत्येक पवित्र्याला वेगळा आकडा लागतो.

इथवरचं सगळं कागदावर सुटतं. खरी अडचण पुढे आहे. जॅकेट सगळीकडून सारख्या जाडीचं नसतं. पट्ट्याखाली कापड दाबलं जातं, आसनावर बसल्यावर पाठीमागचं दाबलं जातं, आणि कापडाखालचं मांसही दबतं. प्लेट मात्र दबत नाही. अमेरिकी सैन्यातली मध्यम आकाराची प्लेट साधारण २४ सेंटिमीटर रुंद आणि ३२ सेंटिमीटर उंच असते, किंचित वळवलेली. माणूस उभा असताना ती छातीवर नीट बसते. तो गाडीत बसला की धड आणि मांड्या जवळ येतात, प्लेटची खालची कड पोटात रुतते आणि वरची गळ्याकडे सरकते. अंग वाकतं, प्लेट वाकत नाही, आणि दोघांच्या मधे जी पोकळी राहते ती कुठल्याच बेरजेत नसते.

आणि त्या पेनच्या ठिपक्यांचं काय? खांद्याचं टोक पट्ट्याखाली गेलं. मणका कॉलरखाली गेला. ज्या खुणांवर उघड्या अंगाचं सगळं मोजमाप उभं होतं, त्या खुणाच दिसेनाशा झाल्या. आज शरीराचं त्रिमितीय स्कॅन काही सेकंदांत होतं, पण स्कॅनरला दिसतो तो वरचा पृष्ठभाग. त्यात माणूस कुठे संपतो आणि सामान कुठे सुरू होतं, हे यंत्राला कळत नाही. आपल्याकडे प्रतापगडाची गोष्ट सांगताना १० नोव्हेंबर १६५९च्या त्या भेटीत महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं हे हमखास सांगितलं जातं. वरून बघणाऱ्याला ते कळू नये हाच त्यातला बेत. तो अंगरखा बेतणाऱ्याला आतल्या चिलखताची माया धरावी लागली असेल, आणि तीही ओळखू येणार नाही अशी. कपड्याआड काय आहे हे नजरेला कळत नाही, ते यंत्राच्या नजरेलाही कळत नाही. म्हणून संशोधक त्याच माणसाचं दोनदा स्कॅन घेतात, एकदा तोकड्या कपड्यांत आणि एकदा सगळं सामान चढवून, आणि मग एक आकार दुसऱ्याच्या आत बसवून बघतात. मधला फरक हे सामानाचं खरं माप.

मिशिगन विद्यापीठातल्या वाहतूक संशोधन संस्थेनं अमेरिकी भूदलासाठी असाच एक मोठा अभ्यास केला, बसलेल्या सैनिकांचा. प्रत्येक सैनिकाला गाडीच्या आसनात तीन प्रकारे बसवलं: नुसत्या वर्दीत, मग जॅकेट आणि हेल्मेट घालून, आणि शेवटी पूर्ण लढाऊ सामानासह. पाठीला प्लेट आणि पाण्याची पिशवी असली की पाठ आसनाच्या पाठीला टेकतच नाही. सगळं धड पुढे सरकतं, त्याबरोबर कंबर आणि गुडघेही. मग समोरच्या रांगेतल्या सैनिकाच्या गुडघ्यांशी अंतर कमी होतं. पाठीवरच्या वस्तूचा हिशोब गुडघ्यापाशी द्यावा लागतो, हे कागदावरच्या बेरजेत कुणाला सुचलं असतं?

याहून विलक्षण गोष्ट हातांची आहे. जॅकेटनं खांदे जखडले की हात वर आणि पुढे पूर्वीइतका जात नाही. छातीवरच्या खिशांमुळे हात समोर आडवा आणतानाही अडतो. म्हणजे सामान चढवलेला माणूस एकाच वेळी मोठाही होतो आणि लहानही. त्याला बसायला जागा जास्त लागते, आणि बटणं मात्र जवळ हवीत, कारण त्याचा हात आखूड झालेला आहे. आसन मागे सरकवून त्याला ऐसपैस जागा करून द्यावी, तर पुढच्या कळीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. गाडी बेतणाऱ्यांच्या दृष्टीनं तो उघड्या अंगाच्या कुठल्याही माणसासारखा नाही. ना मोठ्या, ना छोट्या. त्याची एक वेगळीच जात आहे.

हे न ओळखल्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात फार वरच्या आकाशात मोजली गेली. बी-१७ बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली एक गोल बुरूज लटकत असे. त्यात गुडघे वर घेऊन, अंगाची जुडी करून बसलेला तोफची. बाहेर उणे चाळीस अंशांच्या आसपास थंडी, त्यामुळे अंगावर विजेवर तापणारे जाड कपडे, हातमोजे, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. या जागेसाठी बहुधा अंगानं लहान माणूस निवडत. त्यालाही सगळं अंगावर घेऊन तिथे बसता येत नसे, आणि बहुतेक जण पॅराशूट बाहेर, विमानात ठेवत. संकट आलं तर आधी बुरूज फिरवायचा, झडप उघडून वर यायचं, मग पॅराशूट बांधायचं आणि मग उडी मारायची. मापात न बसलेली वस्तू ही होती, जीव वाचवणारी. युद्ध संपल्यावर १९४६ साली अमेरिकेतल्या राइट फील्डच्या वैद्यकीय प्रयोगशाळेनं विमानातल्या माणसाची मापं आणि त्याचं सामान यांवर सविस्तर अहवाल काढला, त्यामागे असलेच अनुभव होते.

पुढे त्याच ठिकाणी १९५०च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स या तरुणानं ४,०६३ वैमानिकांच्या मापांतून दहा निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती ते मोजलं. एकही निघाला नाही. ही गोष्ट आता बरीच माहितीची झाली आहे. तिची कमी माहितीची धाकटी बहीण १९८१ची आहे. कॅथलीन रॉबिनेट आणि जॉन मॅकॉनव्हिल यांनी दाखवलं की मोठ्या मापांची बेरीज करून मोठा माणूस तयार होत नाही. शंभरात पंचाण्णव जणांपेक्षा लांब पाय, तसंच लांब धड, तशीच लांब मान आणि डोकं एकावर एक रचलं, तर उंची होते ती शंभरात पंचाण्णव जणांपेक्षा कितीतरी जास्त. असा माणूस जवळपास कुठेच नसतो, कारण लांब पायांच्या माणसाचं धड लांब असेलच असं नाही. आता त्या अशक्य माणसावर सगळ्यात जाड जॅकेट आणि सगळ्यात मोठी पाठपिशवी चढवा, आणि त्याच्यासाठी रणगाडा बेता. गाडी उगाच उंच होईल, आणि उंच गाडी दूरवरून शत्रूच्या नजरेत भरते. इथे माया जास्त धरणंही जिवावर बेततं.

शिवाय सामान अंगाच्या मापानं वाटलेलं नसतं, कामाच्या मापानं वाटलेलं असतं. मशिनगन चालवणाऱ्याकडे दारूगोळ्याचे फुगीर खिसे, वैद्यकीय सहायकाकडे औषधांची पिशवी, रेडिओवाल्याकडे रेडिओ. त्यामुळे तुकडीतल्या सगळ्यात धिप्पाड बंदूकधाऱ्यापेक्षा मध्यम अंगाच्या मशिनगनवाल्याला आसनात जास्त जागा लागू शकते. माणसाची नेमणूक हेच त्याच्या शरीराचं एक माप होऊन बसतं. २००३ साली अफगाणिस्तानात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांचं ओझं प्रत्यक्ष लढाईच्या मोहिमांत तोललं गेलं तेव्हा नुसतं लढतानाचं ओझं सरासरी २८ किलोंच्या वर भरलं आणि लांबच्या कूचचं ४६ किलोंच्या आसपास. प्रत्येकाच्या अंगावर जवळजवळ एक पोरसवदा माणूस बसलेला, आणि त्याला तिकीट नाही, आसन नाही.

सैनिकी वस्तूंच्या अमेरिकी मानकांत याची दखल पानोपानी दिसते आणि ती पानं वाचताना मी रमून जातो. हँडलची मापं तिथे तीनदा दिलेली असतात: उघड्या हातासाठी, हातमोज्यासाठी, आणि बोटं वेगळी नसलेल्या जाड थंडीच्या मोज्यासाठी. वरून खाली उतरायच्या झडपेचं किमान माप हलक्या कपड्यांत ३३ बाय ५८ सेंटिमीटर, जाडजूड कपड्यांत ४१ बाय ६९. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला अकरा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळपास निम्म्यानं वाढलं. एवढं पोलाद माथ्यावरून कमी झालं. आणि एम-१६ रायफलचा ट्रिगर बघा. त्याच्याखालची संरक्षक पट्टी बिजागरीवर खाली उघडते, म्हणजे थंडीचा जाड मोजा घातलेलं बोट आत जाऊ शकतं. मी इतकी वर्षं त्या रायफलची चित्रं पाहत आलो, पण ती बिजागरी म्हणजे माया आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पोलादालाही शिवण उसवायची सोय ठेवलेली होती.

आपल्या हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी खडकवासल्याच्या प्रबोधिनीची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांना आणखी काही आकडे माहीत असतात. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४. नुसती उंची मोजून भागत नाही, कारण कॉकपिटमध्ये माणूस बसलेला असतो. बसल्यावर डोकं फार वर गेलं, तर त्यावरच्या हेल्मेटला आणि काचेच्या छताला मधे जागा उरत नाही. मांडी फार लांब असली, तर आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या फळीवर आपटतील. माप उघड्या अंगाचं घेतात, पण त्या मर्यादेत हेल्मेट, आसन आणि झेप हे सगळं आधीच वजा केलेलं असतं. नापास झालेल्या मुलाला वाटतं आपली मांडी लांब आहे. खरं तर ते विमान त्याच्या मांडीला आखूड पडलेलं असतं.

भारतीय अंगांची स्वतःची मापवही उशिरा आली. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ साली काढलं आणि आजही डिझाइनचे विद्यार्थी ते हाताशी ठेवतात. कपड्यांसाठी देशभरातून पंचवीस हजारांवर लोकांचं स्कॅन करणारा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प २०१९ साली सुरू झाला, आणि त्याच्या सहा शहरांत मुंबईही आहे. दुसरीकडून सामान हलकं करण्याचा प्रयत्न चालू आहे. दिल्लीच्या आयआयटीबरोबर डीआरडीओनं २०२४ साली दाखवलेल्या ‘अभेद’ जॅकेटचं किमान वजन संरक्षणाच्या पातळीनुसार ८.२ आणि ९.५ किलो आहे. जॅकेट पातळ झालं तर आसन, झडप, हात, गुडघा सगळ्यांचे हिशोब पुन्हा मांडावे लागतात. प्रत्येक वजा केलेल्या सेंटिमीटरमागे घेरातून सहा सुटतात, हे वर पाहिलंच.

सैनिकी सामान बेतणाऱ्यांच्या मापवहीत फार उशिरा आल्या त्या स्त्रिया. पुरुषांच्या धडावर बेतलेलं जॅकेट लहान करून त्यांना दिलं, की लांबी जास्त, कंबर सैल, आणि छातीवर प्लेट टेकतच नाही. बसल्यावर खालची कड मांड्यांवर आपटते आणि सगळं जॅकेट हनुवटीकडे वर सरकतं. अमेरिकी भूदलानं २०१२ साली खास स्त्रियांसाठी बेतलेलं जॅकेट चाचणीला दिलं, त्यात छातीशी चुण्या घेतल्या होत्या. ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला ही युक्ती ठाऊक असते. टक्स म्हणतात तिला.

त्यानंतरही एक जागा राहिलीच होती. नियमाप्रमाणे लांब केसांचा मानेशी घट्ट अंबाडा बांधावा लागे. उभं असताना त्याचा फारसा त्रास नव्हता. पण पोटावर पडून नेम धरायचा, तर मान मागे करावी लागते. मग जॅकेटची कॉलर अंबाड्याला ढकलणार, अंबाडा हेल्मेटला ढकलणार, आणि हेल्मेट पुढे सरकून डोळ्यांवर येणार. डोक्याचं माप पेनचे ठिपके काढून अचूक घेतलं होतं, फक्त त्यात अंबाडा नव्हता. मे २०२१मध्ये अमेरिकी भूदलानं नियम बदलला आणि केस मागे सोडून पोनीटेल किंवा वेणी घालायची मोकळीक दिली. वेणी जॅकेटवरून पाठीवर गेली, हेल्मेट मागे सरकून जागेवर बसलं, आणि पोटावर पडलेल्या त्या मुलीला समोरचं लक्ष्य दिसू लागलं.